रजेवर गेलेला घोडेस्वार

कॅनडातल्या मिल्टन गावाबाहेरच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. त्याने दारापुढे जुनं सामान विकायला मांडलं होतं. त्यातल्या खोगिराच्या भावावरून मी बराच वेळ हुज्जत घातली. तो मात्र दर वेळी टोपी मागे सारून हसायचा.

"एवढा का तापतोस?"

"भागीदाराने मला माझ्याच हॉटेलातून काढलं. पाच वर्षं कोर्टात लढतोय. सोडणार नाही त्याला!"

त्याने खोगीर थोपटलं. "हे माझ्या पणजोबांचं. अमेरिकेच्या यादवीत ते दक्षिणेकडून, गुलामगिरीवाल्यांच्या बाजूने लढले. तिथे स्वाराला घोडा घरूनच आणावा लागे. त्यांचा घोडा मेला, तेव्हा दुसरा आणायला रजा मिळाली. घरी पडीक शेत बघून आपण कशासाठी लढतोय तेच त्यांना कळेना. मग नवा घोडा घेऊन ते थेट इथे कॅनडात आले आणि बटाटे लावले. आमचं घराणं अजून रजेवरच आहे बघ!"

मी पोट धरून हसलो आणि त्याने सांगितलेला भाव मुकाट्याने दिला.

गाडीत बसल्या बसल्या माझ्या नागपुरी वकिलाला फोन केला. "दावा मागे घ्या."

तो घाबरलाच. "भाऊ, तब्येत बरी आहे ना तुमची?"