‘व्हार्फ’ची बावन्न कार्डं

वसुधा वर्ध्याची. तिथून समुद्र कुठल्या कुठे, आणि या बाईने तीन वर्षं घालवली ती ‘व्हार्फ’ या एका शब्दामागे. व्हार्फ म्हणजे बोटी लागतात तो धक्का. मी पुण्याची. मला धक्का म्हणजे भाऊचा धक्का एवढंच ठाऊक, तेही रेवसच्या बोटीत चढण्याआधीच मला मळमळलं होतं म्हणून.

आम्ही दोघी अमेरिकेत पिस्कॅटवे गावाच्या एकाच गल्लीत राहायचो. मी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होते. वसुधा नागपूरची इंग्रजीतली एम.ए., पहिल्या वर्गातली, आणि अमेरिकेत येऊन बारा वर्षं शाळेच्या कॅफेटेरियात ट्रे मांडत होती. तिचा नवरा संजीव इंजिनिअर. तो म्हणायचा, “वसू, घरी बस की आरामात.” आरामात बसणं तिला कधी जमलंच नाही. १९८३ साली विद्यापीठाच्या लायब्ररीत तिला अर्धवेळ काम मिळालं. नदीकाठच्या जुन्या शब्दांचा एक कोश तयार होत होता. जुनी पुस्तकं, कोर्टाची दप्तरं, रोजनिशा वाचायच्या, शब्द सापडला की वाक्य कार्डावर उतरवायचं, खाली पुस्तकाचं नाव आणि पान. वसुधाच्या वाट्याला ‘व्हार्फ’ आला. त्या दिवशी तिने श्रीखंड केलं. एका शब्दासाठी श्रीखंड करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

मग रोज ऐकणं आलंच. हा शब्द हजार वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा त्याचा अर्थ धक्का नव्हताच, नुसता काठ होता, जिथे नाव लावता येते असा. त्याचं नातं म्हणे वळणं, फिरणं अशा क्रियापदाशी. डच लोकांकडे त्याच शब्दाचा भाऊ आहे, तो जहाजं बांधायच्या जागेला म्हणतात. इंग्लंडमध्ये काठाला फळ्या ठोकल्या, दगड रचले, आणि काठाचं नाव त्या बांधकामाला चिकटलं. पुढे राजाने ठरवलं की माल अमुक धक्क्यांवरच उतरवायचा, म्हणजे शब्दाला सरकारी वजन आलं. त्यावर देखरेख करणारा माणूस आला, त्याच्यासाठी वेगळा शब्द आला.

“आणि आता?” मी एकदा कंटाळून विचारलं.

“आता बघ ना, शैला. परवा हायवेवर बोर्ड पाहिला, ‘द व्हार्फ’. आत मासे तळून देतात. जवळपास पाणीसुद्धा नाही.” हे सांगताना तिचा चेहरा लेकीचं लग्न ठरल्यासारखा खुलला होता. काठापासून निघालेला शब्द तळलेल्या माशांपर्यंत पोचला, आणि मधला प्रत्येक टप्पा तिला कार्डावर पकडायचा होता.

१९८६च्या जानेवारीत ती ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर दोन महिने. लायब्ररीत तिने एका जाड वहीत वाक्यं टिपून ठेवली होती, त्यांची कार्डं व्हायची होती. तिची मुलगी मृणालिनी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती सुट्टीत घरी होती आणि टायपिंग झकास करायची. तिने तीन दिवसांत एकसष्ट कार्डं टाइप केली, गठ्ठा रबरबँडमध्ये बांधला आणि वही कचऱ्यात टाकली. काम झालं ना, मग वही कशाला. आमच्या पिढीने ती वही माळ्यावर नेऊन ठेवली असती.

मे महिन्यात लायब्ररीतल्या मुख्य बाईंनी, मिसेस लिंडक्विस्टनी, छपाईआधी कार्डं पुस्तकांशी ताडून पाहायला घेतली. वसुधाची आधीची, हाताने लिहिलेली सगळी कार्डं बरोबर निघाली. टाइप केलेल्या एकसष्टांपैकी बावन्न चुकली. दिलेल्या पानावर ते वाक्यच नाही. एका पुस्तकाची पानं तीनशे वीस, आणि कार्डावर पान नऊशे अठ्ठ्याण्णव.

मिसेस लिंडक्विस्ट ओरडल्या नाहीत. मंगळवारी त्यांनी वसुधाला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “जानेवारीपासून दोन महिने तू घरी होतीस. वाक्यं फार सुंदर आहेत. मला एवढंच सांग, ती कुठून आली?” शुक्रवारपर्यंत खुलासा मिळाला नाही तर तिची सगळीच कार्डं, जुनी धरून, बाजूला काढावी लागतील असंही त्यांनी सांगितलं.

म्हणजे वसुधाने घरात बसून वाक्यं रचली असा त्याचा अर्थ. तोंडचं पाणी पळालं तिच्या. नोकरी जाणं एक वेळ ठीक, पण शिकलेल्या माणसाला कोणी खोटारडं म्हणणं काय असतं, ते मी तिच्याकडे बघून शिकले. संजीव म्हणाला, “सोड ना यार, रिझाइन कर, आपल्याला काय कमी आहे?” मी त्याला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मृणालिनीला फोन केला तर ती दुखावली. “आई, आय टाइप्ड एक्झॅक्टली व्हॉट यू रोट.” दोघी शपथेवर खरं बोलत होत्या आणि वही कचऱ्यात गेली होती.

गुरुवारी दुपारी मी रजा टाकून तिच्याकडे गेले. मिसेस लिंडक्विस्टनी कार्डांवरच्या पानांच्या आकड्यांच्या, बरोबर आणि चूक अशा, दोन याद्या दिल्या होत्या. वसुधा बरोबरवाली यादी मला मोठ्याने वाचून दाखवत होती आणि वाचता वाचता एका कागदावर उतरवत होती. तेवीस. तीस. बत्तीस. दोनशे तीन. दोनशे तीस. तीनशे दोन. तेहेतीस. वीस. बावीस.

मी वैतागले होते. म्हटलं, “अगं, तुझ्या लेकीला दोन, तीन आणि शून्य एवढेच आकडे येतात की काय?”

वसुधा हसली नाही. तिचं पेन थांबलं. ती कागदाकडे बघत होती, म्हणून मीही पाहिलं. यादी इंग्रजी आकड्यांची होती, आणि तिने कागदावर सगळे आकडे मराठीत उतरवले होते. मॅट्रिकपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई ती. आकडा ऐकला की हात मराठीच काढतो, आणि आपण तसं करतो हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. वहीतली वाक्यं इंग्रजी, पुस्तकांची नावं इंग्रजी, तेवढा पानाचा आकडा मात्र मराठी. स्वतः कार्ड लिहायची तेव्हा तो आपोआप इंग्रजी होऊन उतरायचा.

मराठी दोन, तीन आणि शून्य इंग्रजीसारखेच दिसतात. पण मराठी एक, न शिकलेल्या माणसाला, हुबेहूब नऊ वाटतो आणि चार आठ वाटतो. बाकीचे आकडे मृणालिनीने आईचं अक्षर घाणेरडं समजून अंदाजाने ठोकून दिले होते. आपल्याकडे आकडे वेगळे असतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मुलांना आरत्या पाठ करून घेतल्या आणि आकडे शिकवायचे राहून गेले.

“नऊशे अठ्ठ्याण्णव,” वसुधा हळूच म्हणाली. “एकशे चौदा असेल ते.”

शुक्रवारची वाट कोण बघतो? मी गाडी काढली आणि आम्ही तशाच लायब्ररीत गेलो. वसुधाने मिसेस लिंडक्विस्टच्या टेबलावर आमचे दहा आकडे मांडले आणि एकेकाखाली इंग्रजी आकडा लिहिला. बाईंनी कपाटातून तीनशे वीस पानांचं ते पुस्तक काढलं आणि एकशे चौदावं पान उघडलं. एका विधवेने १७४३ साली आपल्या दारापुढच्या काठाला फळ्या ठोकून व्हार्फ करायची परवानगी मागितली होती. शब्दन् शब्द कार्डावर होता तसा. मग दोनशे एकोणनव्वदचं दोनशे एक्केचाळीस करून पाहिलं. तेही सापडलं. चौथ्या पुस्तकानंतर बाई तपासायच्या थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “वसुधा, मी तुझी माफी मागते.” माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच, लायब्ररीत, मोठ्याने नाक शिंकरलं.

परत येताना वसुधाने गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, “शैला, या दोन दिवसांत मला वाटायला लागलं होतं, की मीच ती वाक्यं बनवली असतील. घरी बसून बसून. माझी मलाच खात्री वाटेना.”

आता गप्प बसणं मला झेपलं नाही. म्हटलं, “वसू, खरं सांगते. मंगळवारी मलाही एकदा तसं वाटलं होतं.”

“माहीत होतं मला,” ती म्हणाली. “मंगळवारपासून तू माझ्याशी फार गोड बोलत होतीस.”