दोन्ही वाट्यांखाली पेढा

जेवणं आटोपल्यावर दीपश्री सतरंजीवर आडवी होते ती झोपायला नव्हे, विचार करायला. पंखा फिरतो, खाली रस्त्यावर बोहारीण हाका घालत जाते, डोळे मिटतात. मनातला प्रश्न तेवढा जागा राहतो. सागरला संध्याकाळी काय सांगायचं?

नवरा-बायको दोघांच्याही रक्तात थॅलेसेमियाचा दोष, म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेले गर्भ तपासले. दोन निरोगी निघाले. त्यांतला मुलगा कोणता, मुलगी कोणती, हे सांगायला कायद्यानं बंदी. पण सागरचा आतेभाऊ सुधीर म्हणजे सगळ्या बंद दारांची मागची वाट माहीत असलेला माणूस. हवा तो गर्भ निवडून देणारा परदेशातला दवाखाना त्यानं शोधलाय. सागरला तरी हौस कुठाय? पण त्याच्या आईला, माईंना, शेवटच्या आजारात दीपश्रीनंच शब्द दिलेला: नातूच देईन.

पायाशी कुणीतरी टेकतं.

"सरक की जरा. मेल्यावरही जागा मागूनच घ्यायची का?"

माई. जाऊन दोन वर्षं झाली, तरी पदर खोचलेलाच.

"चहा टाकू, माई?"

"नको. ऊठ, बायका खोळंबल्यात."

ती उठते. स्वयंपाकघर घरचंच, पण ओट्याच्या जागी दवाखान्यातली ती गारढोण टाकी, गर्भ गोठवून ठेवायची. माई झाकण काढतात, पांढरा धूर हातानं वारतात आणि आतून ताट काढतात. ताटात दोन उपड्या वाट्या. लगेच खोली हिरव्या साड्यांनी भरून जाते. हे तर डोहाळजेवण! वाटीखाली पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उचल."

"चुकीची उचलली तर?"

"उचल म्हणते ना!"

पेढा. टाळ्या. दीपश्रीच्या जिवात जीव येतो. तेवढ्यात माई स्वतःच दुसरी वाटी उलटतात. तिथेही पेढा.

"अहो, हे काय!"

"माझ्या सासूबाईंची अक्कल. मी पेढा उचलला आणि झाली तुझी नणंद, कुमुद. सव्वा महिना सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. तरी कुमुदच्या डोहाळजेवणाला मी दोन्हीखाली पेढेच ठेवले. तिलाही मुलगीच झाली. मग मी म्हटलं, पेढा शिळा होता."

दीपश्रीला हसू फुटतं आणि हसता हसता डोळे भरून येतात.

"मी शब्द दिलाय हो तुम्हाला."

"दिलास कुठला? मी काढून घेतला. मुलगी झाली तर तुला कोण सुखानं जगू देईल, ही धास्ती होती मला."

"मला कोण छळणार होतं?"

माई ताटाकडे बघत राहतात. "मीच की. घरात दुसरं होतं कोण? आणि मी तर गेले."

साड्या नाहीत, ताट नाही. दोघी बार्शीच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसल्यात. गाडी लागलेली आहे, पाटी कोरी.

"शब्द परत घेतला बघ. सागरला सांग, आईनं सांगितलंय. बायकोचं ऐकायचं वळण मी लावलं नाही त्याला."

माई काजळाचं बोट तिच्या कानामागे टेकवतात.

"माई, बाळ कुठाय अजून?"

"त्याला तू लाव. तीट तुला लावतेय मी. तुला कुणी लावली होती?"

गाडी हलते.

दीपश्री डोळे उघडते तर सागर दारात उभा, हातात फोन. "सुधीरला काय कळवू?"

"नको म्हणून कळव. डॉक्टरांना जो बरा वाटेल तो ठेवू दे. मुलगी तर मुलगी."

"आणि आईला दिलेला शब्द?"

"त्यांनी सोडवलं मला."

सागर डोक्यावरचं पोतं उतरवून ठेवल्यासारखा मटकन बसतो. "सुटलो बाई," एवढंच म्हणतो. मग वाकून बघतो. "तुझ्या कानामागे काय लागलंय?"

ती हात लावून बघते. बोट काळंभोर. काजळाची डबी या घरात माईंबरोबरच संपली होती.