आमेनच्या आधी

नाशिकरोडच्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. स्वयंपाक आम्ही बायकाच करतो, आणि त्यात माझ्या सासूबाईंचा एक कायदा आहे: प्रार्थना झाल्याशिवाय चाखायचं नाही. मीठ कमी पडलं तर पडलं! आधी देवाचे आभार, मग जिभेचे चोचले.

त्या रविवारी चिंचेची आमटी माझ्याकडे होती. भात-आमटी वाढून झाली, सगळी मंडळी पंगतीत डोळे मिटून बसली आणि रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांनी प्रार्थना सुरू केली. काकांची प्रार्थना म्हणजे मालगाडी, डबे संपता संपत नाहीत. मी उगाच पातेल्यातली उरलेली आमटी ढवळली आणि तळाशी पिवळंधमक पितळ चमकलं.

चर्चची पितळी पातेली दोन. एकाला आतून कल्हई आहे. दुसरं नुसतं पाणी तापवायला, कारण हल्ली कल्हईवाला सापडतो कुठे? बाहेरून दोन्ही सारखीच काळी, आणि पाण्याच्या पातेल्याला आतून क्षारांचा कल्हईसारखाच पांढरट थर; तो आता चिंचेने निघाला होता. सकाळच्या घाईत, अंधाऱ्या खोलीतून मी नेमकं नको ते उचललं होतं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, माणसं आजारी पडतात, हे काय मला माहीत नव्हतं?

काकांच्या लांबलचक प्रार्थनेला मी कायम हसते. त्या दिवशी मनात म्हटलं, देवा, यांना थांबू देऊ नकोस रे. काका आजाऱ्यांपर्यंत आले होते. आजाऱ्यांनंतर प्रवासी, प्रवाशांनंतर आमेन. आमच्याकडे प्रार्थनेत माणसं खोकलासुद्धा दाबतात, आणि मी सगळ्यांदेखत ओरडायचं?

"आणि जे प्रवासात आहेत त्यांना, हे पित्या..."

"खाऊ नका!" मी किंचाळले. "कुणी हात लावू नका, आमटी कळकलीय!"

सासूबाई उठल्या, पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ताटं मागे सारा." एकेक ताट मागे सरकलं. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात माझ्या लेकीच्या ताटाकडे नजर गेली. भातात खड्डा पडला होता.

"खाल्लंस?"

"नाही."

हनुवटीवर आमटीचा ओघळ! "खरं सांग!" मी तिला गदागदा हलवलं. ती आणखीच जोरात "नाही, नाही" म्हणायला लागली. आमेनच्या आधी घास घेतला की आमच्या घरात ओरडा बसतो. ती कशाला कबूल होतेय? माझं तर डोकंच चालेना.

सासूबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "अगं, लहानपणी मीपण चोरून खायचे. किती घास घेतलेस?"

"चार," ती म्हणाली आणि रडायला लागली.

रिक्षातच तिला उलट्या सुरू झाल्या. दवाखाना येईपर्यंत मी देवाला काय काय बोलले, मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, बाहेर पडलं ते बरंच झालं, पाणी पाजत राहा.

दुसऱ्या दिवशी घरी ताटं वाढली. सासूबाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. लेकीने मध्येच एक डोळा उघडला.

"मम्मी, तू चाखलंस?"

मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या थांबल्या. माझ्या वाटीतलं वरण चमच्याने घेतलं, चाखलं, गिळलं आणि मग म्हणाल्या, "आमेन."