आबांचा जाळ

मी काही लिहिणारा माणूस नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडीलधाऱ्यांविषयी असं कागदावर उतरवावं की नाही, याचा मला अजून संकोच वाटतो. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला आमची वाडी. शेजारच्या आबांना रात्री विमानाचा आवाज आला की ते आधी विडी विझवायचे, मग कंदिलाची वात खाली करायचे. "चुलीवर कायतरी झाक गो, इमान हाय."

त्यांची बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "घाट चढणारा टरक हाय तो. जेवा गप."

बहुतेक वेळा ट्रकच असायचा. आम्हीही हसायचो. पण कारण साऱ्या वाडीला ठाऊक होतं.

मी लहान असताना, उन्हाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. भाताचं बी पेरायच्या जागेवर पालापाचोळा पसरून आमच्याकडे जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. आबा वारा पडल्यावर, दिवेलागणीनंतर राब लावायचे. त्या दिवशी उतारावर त्यांचे तुकडे एकाखाली एक धगधगत होते. तेवढ्यात एक लहान विमान डोंगरावर घिरट्या घालू लागलं. त्याला एकही दिवा नव्हता. ते वळलं, जाळाच्या रोखाने खाली आलं आणि दरडीवर आपटलं.

आत एकटा वैमानिक होता, जिवंत. चौघांनी डोली करून त्याला पोलादपूरला उतरवलं, तिथून गाडीत घालून महाडला पाठवलं. पुढे मुंबईला हलवला, एवढंच आबांच्या कानावर आलं.

चौकशीला साहेब आले. विमानातली वीज बंद पडली, त्यामुळे दिवे गेले, आतल्या यंत्रांचे काटे दिसेनासे झाले, असं ते म्हणाले. आबांना ते पटलं नाही. "ईज त्यांची गेली. जाळ तर माझा होता ना?"

पुढे ते भर दुपारी, वाऱ्यात राब भाजू लागले. एकदा त्यात शेजाऱ्याची पेंढ्याची उडवी जळून गेली. शेजाऱ्याने भरपाई मागितली नाही.

एका सुट्टीत मी बॅटरीतले सेल काढून त्यांना समजावलं. "बघा आबा, आता हिचा नुसता डबा झाला. विमानाचं तसंच झालं. तुमचा काय दोष?"

त्यांनी तो रिकामा डबा हातात फिरवला. "म्हंजे त्याला दुसरं कायच दिसत नव्हतं," ते म्हणाले. "माझा जाळ बघून सपाट जागा वाटली असंल."

मी सेल परत बॅटरीत घातले.

"तू मुंबईत असतोस. इचार ना कुणाला, वाचला का तो," हे त्यांचं दर खेपेचं सांगणं. एसटीच्या ड्रायव्हरांनाही ते तेच विचारत.

या पावसाळ्यात आबा गेले. मला कळलं ते दिवाळीला घरी आल्यावर. वडिलांना म्हटलं, "त्यांचं काम राहूनच गेलं. आता तरी इस्पितळात चौकशी करतो."

वडील तंबाखू मळत होते.

"नको करू. पोलादपूर यायच्या आधीच संपला तो."

"मग आबांना कसं कळलं नाय?"

"आबा डोलीला पुढं होता, मी मागं. त्या इमानवाल्याचं तोंड मलाच दिसत होतं. गाडीत घालताना म्हटलं, बेसुद हाय. मग सगळ्यांनीच तसं ठेवलं, सायबांनापण हात जोडले. कसं सांगणार रे? आबा वाटभर त्याच्याशी बोलत होता. आलं बघ पोलादपूर, आता नुसता उतारच हाय, म्हणून."