पाच आफ्रिकन बार्ब

लेक कॉलेजला गेली आणि तिचे पाच मासे माझ्या गळ्यात पडले. आफ्रिकन बार्ब, काँगोकडचे, बोटाच्या दीड पेराएवढे. "रोहूचे गरीब नातेवाईक," असं मी चिडवायचो, कुळ कार्पचंच. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझारा. बघून मलाच दम लागे. "बाबा, तुझ्या भरवशावर सोडून जातेय हं," असं ती निघताना म्हणाली होती. दर रविवारी फोनवर आधी त्यांची चौकशी, मग माझी. याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तिला कॉलेजातून आणायला सकाळीच वेस्ट विंडसरहून निघालो. बायको भारतात होती. गावाला जाताना घरातलं एकूण एक बटण बंद करायचं, ही पुण्यातली सवय माझ्या हाडात भिनलेली. गॅस, इस्त्री, टीव्ही, दिवे, सगळं दोनदा तपासलं. पहिल्या टोलपाशी आठवलं. माशांच्या टाकीमागचं बटणही मी बंद केलं होतं. फिल्टर आणि हीटर, दोन्ही त्याच्यावरच.

शेजारच्या काकूंकडे आमची चावी असते. एक फोन पुरला असता. पण काकू लगेच लेकीला कळवणार, आणि आपला बाप कसा आहे हे तिला पुन्हा एकदा कळणार. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. रेडिओ लावला, बंद केला. तीन तास असेच गेले. परतताना ती शेजारी बसून बोलत होती आणि मी नुसता हं हं करत वेग वाढवत होतो.

"बाबा, स्लो डाउन यार. घाई कसली आहे?"

"भूक लागलीय," मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा चार मासे पाण्याच्या वर तोंड आणून धापा टाकत होते. पाचवा तळाशी आडवा. तिने बटण चालू केलं, मेलेला मासा जाळीने बाहेर काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कधी आठवलं?"

"पहिल्या टोलपाशी."

"अँड यू डिडन्ट कॉल काकू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी परत जायच्या आधी तिने मासे बादलीत घेतले आणि टाकी रिकामी केली.

"काकूंकडे ठेवतेय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाबा, टाकीची ही बाजू धरतोस का?"

मी धरली.