करपलेल्या भाकरीची परीक्षा

वनस्पतिशास्त्राचे आमचे पंचाक्षरी सर निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायचा त्यांचा नाद सुटला नाही. परिषदेत शोधनिबंध मांडायचा असला की ते आम्हाला आधी घरी बोलवायचे आणि थेट स्वयंपाकघरात, त्यांच्या पत्नी लीलाकाकूंसमोर उभं करायचे. काकू ज्वारीच्या भाकरी थापत ऐकायच्या. सरांचा नियम एकच: भाकरी करपली, तर भाषण पास!

माझ्या वेळी मेल्या सगळ्या भाकरी टम्म फुगून उतरत होत्या. डाळिंबावरचा तेल्या रोग छाटणीच्या कात्रीतून कसा पसरतो, हे माझं संशोधन. परिषद सोलापुरातच, आणि उद्यावर आलेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मनावर घेतलं, तरच आमच्या सांगोल्यात चाचणीच्या बागा धरल्या जाणार होत्या. आणि मी आलेख वाचून काकूंना जांभया आणत होते.

"पूनम, हे तू शोधायला का घेतलंस?" सरांनी मध्येच विचारलं.

मी वैतागूनच सांगितलं, "बाबांनी एक रोगट फांदी छाटली. कात्री औषधात न बुडवता विजारीला पुसली अन् पुढच्या झाडाला लावली. पुढच्याच बहारात बागभर काळे डाग. बाबा कुऱ्हाड घेऊन गेले, पण पहिल्या झाडावर त्यांचा हातच उचलेना..."

काकूंचे हात परातीतच थांबले होते. तव्यावरून धूर निघाला.

"अय्यो, गेली की भाकर!" काकू ओरडल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, मग सत्कार. आपल्याकडे सत्काराला माणसं कमी पडतील, चादरी नाहीत. माझी वेळ त्यातच सरत चालली. सत्राचे अध्यक्ष सर होते. त्यांचं नाव पुकारलं, तर ते जागचे हललेच नाहीत.

"माझी चादर राहू द्या. तेवढा वेळ पूनमला द्या."

मी बाबांची कात्री टेबलावर ठेवली आणि तिच्यापासूनच सुरुवात केली. आलेख दाखवले, पण मागाहून. चहा आला, तरी कुणी कपाला हात लावला नाही. उठता उठता दोन शास्त्रज्ञ माझ्याकडे आले, सांगोल्याला कधी येऊ म्हणून विचारायला.

सरांचे उपकार कसे फेडायचे, मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. वक्ता म्हणून मला मिळालेली चादर घेऊन मी तडक त्यांच्या घरी गेले आणि काकूंच्या खांद्यावर घातली.

काकू लाजल्या. "मला कशाला गं? मी काय केलं? नुस्ती भाकर जाळली की."