उलटी बीज

अशा गोष्टी मी वाचते, मानत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत वीस वर्षं काढल्यावर भुतांची पुस्तकं कोणत्या कपाटात लावायची, एवढंच मला ठाऊक आहे... तरी हे लिहिते आहे.

औरंगपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलमध्ये माझ्या भावाने, दादाने, केलेला चंद्र आहे – दुधी फायबरचा गोळा, नकाशा पाहून एकेक खड्डा कोरलेला. आत बल्ब, बल्बाभोवती काळ्या पत्र्याची अर्धी वाटी. घड्याळाच्या मशीनवर ती महिन्याभरात एक फेरी घेते आणि चंद्राच्या कला दिसतात. फक्त मशीन त्याने उलटं बसवलं. शुक्लपक्षातली कोर आकाशात उजवीकडे, आमच्या घरी डावीकडे! चिडवलं की म्हणायचा, "आपला चंद्र आरशात बघून भांग पाडतो."

दादा उन्हाळ्यात गेला, पौर्णिमेला. त्याच दिवशी मी मशीनचा सेल काढून ठेवला. चंद्र गोलच राहिला.

दर भाऊबीजेला पाटावर बसून तो म्हणायचा, "आधी चंद्राला ओवाळ, मी लायनीत आहे." यंदा लायनीत कुणीच नव्हतं. मी ताट काढणारच नव्हते. पण देवगाव रंगारीहून मावशी आली होती.

"भाऊ नसला की चंद्राला ओवाळावं. व्हय का नाय?"

संध्याकाळी आभाळ भरून आलं. चंद्र दिसेना.

"ह्यो घरातला हाय की." मावशीने बटण दाबलं. गोळा उजळला.

"मावशी, हा पौर्णिमेचा. आज बीज आहे."

"लई शिकलीस. दिवा लाव गुमान."

दोघी स्वयंपाकघरात गेलो. पाच मिनिटांत निरांजन लावून परतलो. घरात तिसरं कुणी नव्हतं, दाराला आतून कडी होती. चंद्रावर नखाएवढी कोर होती... डावीकडे.

मावशीने पदर सावरला. "उलटा हाय," ती हळूच म्हणाली, "म्हंजी त्योच."

कितीतरी महिन्यांनी मला हसू फुटलं. हसत हसतच ओवाळलं.

मग सेलची जागा पाहिली. रिकामी. शेजारचे इंजिनिअर म्हणाले, वाटी सैल होऊन घसरली असेल. असेलही. पण मी बोटाने ढकलून पाहिली, जरासुद्धा हलली नाही.

हा अनुभव कोणत्या कपाटात लावायचा, ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा सेल घातला. आज अष्टमी. डावी अर्धी बाजू भरली आहे.